राईच्या उशीतली किल्ली

खंडेनवमीच्या सकाळी पंचफुलाबाईनं नव्या गाडीला चारी बाजूंनी फिरून पाहिलं, आणि तिची पक्की खात्री झाली की या गाडीला कुलपाचं भोकच नाही. दारं चाचपली, मागचं झाकण चाचपलं, बोनेटवरून हात फिरवला. भोक नाही म्हणजे नाही.

तिला हा शोध का करावा लागला, ते आधी सांगायला पाहिजे. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर येतात. हिंगोलीजवळच्या नरसीच्या पलीकडं एका वस्तीवर मेंढरांचं घर, त्यामुळं लोकर कातरायची कातर, विळे, कुऱ्हाड, कोयता असं सगळं मांडलेलं होतं. त्यात तिच्या लेकानं, शिवप्रसादनं, गाडीची चावी आणून ठेवली. आता हिला चावी म्हणायचं कशाला? काळं, गुळगुळीत, साबणाच्या लहान वडीएवढं बटणाचं डबडं. गाडी विजेची, तिला ना डिझेल लागतं ना आवाज येतो, आणि ते डबडं खिशात असलं की ती आपोआप चालू होते. पंचफुलाबाई ते पदरानं पुसत होती, तेवढ्यात अंगठा कुठंतरी दाबला गेला आणि डबड्याच्या पोटातून बोटाएवढी लोखंडी किल्ली सरकून तिच्या हातात आली. चकचकीत, बोथट, कुठं टोचायचं नाव नाही. म्हणून ती गाडीभोवती फिरून आली.

“ज्या गाडीला भोकच न्हाई, तिला किल्ली काहून?” ती स्वतःशीच म्हणाली. “दिली असंल कंपनीवाल्यानं शोभेला.”

आणि तिनं ती किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. चोरी म्हणून नव्हे. तिला लोखंड पाहिजे होतं.

रागिणी, म्हणजे शिवप्रसादची पोरगी, तेव्हा चार महिन्यांची होती. ती जन्मली तेव्हा रीतीप्रमाणं आजीनं तिच्या उशाला विळा ठेवला होता. लेकराच्या उशाला लोखंड असलं की वाईट जवळ येत नाही, हे काय सांगायला पाहिजे? पण सून मोहिनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं तो गंजका विळा दोन बोटांत धरून उचलला आणि अंगणात नेऊन टाकला.

“लागलं तर धनुर्वात होईल तिला, आत्याबाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “पुन्हा असलं काही लेकराजवळ दिसलं ना, तर मी तिला तुमच्यापाशी एकटी सोडणार नाही. एकदाच सांगते.”

पंचफुलाबाई सुनेला काय सांगणार? तिची स्वतःची पहिली पोरगी मेंढरांच्या मागं उघड्या माळावर जन्मली आणि सहाव्या दिवशी गेली. त्या रात्री सामान दुसऱ्या मुक्कामाला पुढं गेलेलं होतं, उशाला ठेवायला साधा खिळासुद्धा नव्हता. लोक म्हणाले, थंडी लागली. पंचफुलाबाईला ते कधी पटलं नाही. चाळीस वर्षं झाली, अजून पटत नाही.

तेव्हा ही किल्ली म्हणजे देवानंच हातात दिलेली. टोचत नाही, गंजत नाही, दिसत नाही. त्याच दुपारी तिनं रागिणीच्या राईच्या उशीची एक कड उसवली, मोहरीच्या दाण्यांत किल्ली खुपसली आणि बारीक टाक्यांनी कड पुन्हा शिवून टाकली. डोकं गोल राहावं म्हणून केलेली ती इवली उशी. पुढं पोरगी बसायला लागली, रांगायला लागली, तरी ती उशी मानेखाली असल्याशिवाय तिला झोप येईना. पंचफुलाबाई मनात म्हणायची, कळतंय लेकराला.

असे सात-आठ महिने गेले. मे महिन्यात मोहिनीची परीक्षा आली. केंद्र वाशीमला. पाच दिवस मावशीकडं राहून पेपर द्यायचे. पोरगी वर्षाची व्हायला वीस दिवस कमी. मोहिनीनं चार रात्री विचार केला आणि पाचव्या दिवशी लेकरू सासूच्या मांडीवर दिलं. “सांभाळा,” एवढंच म्हणाली.

आणि सांभाळलंही. बाटली उकळून, दूध गाळून, मोहिनीनं कागदावर लिहून दिलेल्या वेळा शिवप्रसादकडून वाचून घेऊन. पाच दिवसांत पोरीला शिंकसुद्धा आली नाही. पंचफुलाबाईची छाती भरून आली होती. आज शेवटचा पेपर एक वाजता सुटणार, आणि ती स्वतः गाडीत बसून, नात मांडीवर घेऊन सुनेला आणायला निघाली होती. नवरा पुंजाजी मेंढरं घेऊन माळावर जाता जाता म्हणाला, “बाप्पा, काय थाट!” तिनं लटक्या रागानं त्याच्याकडं पाहिलं, पण तिला ते आवडलं.

गाडी हिंगोली ओलांडून वाशीमच्या रस्त्याला लागली. समोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण लुकलुकत होती.

“ते काय हाय रे?” तिनं विचारलं.

“चावीचा सेल संपत आला असं सांगून राहिली गाडी. आठ दिवस झाले बोंबलतीय.”

“मंग बदल ना.”

“बदलतो, माय. आज-उद्या करता करता राहिलं.” शिवप्रसाद गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. दुसऱ्यांची जनावरं वेळेवर बघणारा माणूस, पण घरच्या कामाला त्याचं आज-उद्या ठरलेलं. “कनेरगाव नाक्यावर एक मोबाइलवाला हाय. दोन मिनटाचं काम.”

साडेअकराला त्यांनी नाक्यावर गाडी थांबवली. ढाब्याच्या बाजूला एक निंब होता, त्याच्या सावलीत. सावली कसली, चाळणीतून ऊन गाळल्यासारखी. रागिणी मागच्या सीटवर झोपली होती, राईची उशी मानेखाली, अंगाखाली गोधडी. शिवप्रसादनं गाडी बंद केली, चावी घेतली आणि रस्ता ओलांडून दुकानाकडं निघाला.

गाडीतली थंड हवा बंद पडली तशी पंचफुलाबाईनं दार उघडं ठेवलं. गोधडीला हात लावला तर ओली. लेकरू ओल्यात कसं ठेवायचं? तिनं झोपलेल्या पोरीला न जागवता अलगद गोधडी ओढून काढली, खाली पदरासारखं मऊ धडपं सरकवलं, आणि गोधडी खांद्यावर टाकून खाली उतरली. ढाब्याच्या मागं नळ दिसत होता. माशा आत जातील म्हणून दार लावलं. इथून तिथं जायला यायला किती वेळ लागतो!

दार लागल्याचा आवाज शिवप्रसादनं रस्त्यापलीकडून ऐकला. मागं वळून पाहिलं. आईच्या खांद्यावर गोधडी, गोधडीत लेकरू असणार, सावली सोडून ढाब्यात चाललीय. बरं झालं, असं त्याला वाटलं. आणि सवयीनं त्यानं चावीचं बटण दाबलं. गाडीचे दिवे एकदा लुकलुकले. त्या सेलात जी काही धुगधुगी उरली होती, ती एवढ्यात संपली.

नळावर दोन बाया आधीच हंडे लावून उभ्या होत्या. पंचफुलाबाई थांबली. मग गोधडी नीट धुतली, पिळली नाही, तशीच निथळत घेऊन आली. दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. काचेला डोळे लावले तर रागिणी झोपलेली, पण तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

“शिवप्रसाद! अरे शिवप्रसाद! दार उघड!”

शिवप्रसाद धावत आला. त्याच्या हातात चावीची दोन शकलं होती. मागं दुकानदार रत्नपाल, हातात बारीक पेचकस.

“रागू कुठंय?” शिवप्रसादनं विचारलं, आणि आईच्या खांद्यावरच्या ओल्या गोधडीकडं बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. “आत हाय? माय, मला वाटलं तू तिला घेतलं!”

“उघड आधी!”

उघडणार कशानं? रत्नपालनं जुना सेल काढला होता, आणि त्या मापाचा नवा सेल दुकानात नव्हता. होता तो पातळ, आत खुळखुळायचा. चॉकलेटची चांदी घडी घालून त्याखाली बसवली, बटण दाबलं. काही नाही. जुना सेल पुसून पुन्हा घातला. काही नाही. आत रागिणीनं कूस बदलली, डोळे उघडले आणि रडायला लागली. बंद काचेमागून ते रडणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं.

“थांबा, थांबा,” रत्नपाल म्हणाला. “साहेब, असल्या चावीत एक लोखंडी किल्ली राहती. सेल गेला तर दार उघडायला. आमच्या दाजीच्या गाडीला हाय.”

“पण याला भोक कुठं हाय?” शिवप्रसाद ओरडला.

“मुठीजवळ टोपण असतं. हे बघा.” रत्नपालनं पेचकस घातला, टक्कन टोपण उडालं. आणि त्याच्याखाली, बारीक, काळं, साधं कुलपाचं भोक.

पंचफुलाबाईनं ते भोक पाहिलं आणि तिची नजर काचेतून रागिणीच्या उशीवर गेली. 

शिवप्रसादनं चावीचं डबडं उलटं केलं. किल्लीची खाच मोकळी होती. “कुठं गेली? यातली किल्ली कुठं गेली?”

आता बोलायचं. आत्ता, या घडीला. पंचफुलाबाईचं तोंड उघडलंही. पण डोळ्यांसमोर मोहिनी उभी राहिली, दोन बोटांत विळा धरलेली. ‘मी तिला तुमच्यापाशी एकटी सोडणार नाही.’ पाच दिवस. पहिल्यांदा दिलेले पाच दिवस, आणि त्यातला शेवटचा. किल्ली तर आतच हाय, ती मनात म्हणाली, सांगून तरी कुठं हाती येणार हाय? असं स्वतःला समजावलं तिनं. माणूस भ्यायला की त्याला कारणांचा तोटा नसतो.

“घरी कुठं पडली का गं, माय? तू पाहिली?”

“न्हाई बा,” ती म्हणाली.

झालं. शिवप्रसादचा शोध सुरू झाला. खिसे उलटे केले. पाकीट झटकलं. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन लावला, तो माणूस म्हणाला किल्ली चावीतच असते साहेब, नीट बघा. पुन्हा बघितलं. रत्नपाल दुकानात पळाला, काउंटरखाली पडली का बघायला, कारण चावी तिथंच तर उघडली होती. बिचारा गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात फरशी चाचपत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा कुठं आहे ते जिला ठाऊक, ती ओली गोधडी छातीशी धरून उभी होती.

ढाब्याचा मालक नेमसिंग बाहेर आला. गोष्ट कळली तशी म्हणाला, “माझ्या शुगर तपासायच्या मशिनीत गोल सेल हाय, जाडा. घरी हाय, आणतो.” आणि हा जाड माणूस चप्पल न घालता पळत सुटला.

“काच फोडा साहेब,” परत आलेला रत्नपाल म्हणाला. “सेलाची वाट बघू नका.”

“काचा तिच्या अंगावर उडतील! येतोय ना सेल. आणि किल्ली सापडंल, इथंच कुठं असंल, दुकानात एकदा बघ रे नीट.” शिवप्रसादला काच फोडायची नव्हती असं नाही. किल्ली सापडेल असं त्याला खरंच वाटत होतं. आशा होती, म्हणून हात उठत नव्हता. आणि ती आशा खोटी आहे हे एकच माणूस सांगू शकत होतं.

रागिणी काचेकडं हात करून रडत होती. आजीकडं बघत होती. आजीनं काचेवर तळवा टेकला, काच तव्यासारखी तापली होती. “आले, माझी माय, आले,” ती पुटपुटली. पोरीचा आवाज घोगरा झाला. मग बारीक झाला. मग ती उशीवर कलंडली आणि आवाज थांबला.



“किल्ली उशीत हाय!” पंचफुलाबाई किंचाळली. “रागूच्या उशीत! मीच शिवली! तिथं न्हाई, इथं न्हाई, आत हाय! फोड काच!”

शिवप्रसाद तिच्याकडं नुसता बघत राहिला.  त्याच्याकडून काही होणार नाही हे तिला दिसलं. ढाब्याच्या भट्टीपाशी रोटी काढायची लोखंडी सळई होती, ती तिनं उचलली आणि पुढच्या दाराकडं गेली, लेकरापासून लांबच्या बाजूला. पहिला घाव काचेच्या मधोमध मारला, सळई उडून परत आली.

“कोपऱ्यात, मावशी! कोपऱ्यात मारा!” रत्नपाल ओरडला.

तिनं कोपऱ्यात मारला. काच एकदम खडीसाखरेसारखी झडली. तिनं हात आत घातला, आतली कडी ओढली, दार उघडलं तशी गाडी भोंगा वाजवून केकाटायला लागली. त्या केकाटात ती पुढच्या सीटवरून आडवी होऊन मागं गेली आणि पोरीला ओढून बाहेर घेतलं. मान लुळी. अंग निखारा. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते.

निथळती गोधडी निंबाखाली अंथरली आणि रागिणीला तिच्यात गुंडाळलं. रत्नपालनं माठातलं पाणी आणलं. काखेत, मानेवर, डोक्यावर. शिवप्रसाद मातीत बसून पोरीचे तळपाय चोळत होता आणि “रागू, रागू” एवढंच म्हणत होता. पंचफुलाबाईनं देवाचं नाव घेतलं नाही. तिला त्या वेळी एकही देव आठवला नाही.

पोरीला उमासा आला. दूध बाहेर पडलं. मग तिनं एक श्वास घेतला आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात भोकाड पसरलं.

“रड, माझी माय, रड,” पंचफुलाबाई म्हणाली, आणि तिच्याच डोळ्यांतून धारा लागल्या.

नेमसिंग धापा टाकत आला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्याच्या मुठीत सेल होता. रत्नपालनं तो चावीत बसवला, डबडं मिटवलं, बटण दाबलं. भोंगा थांबला. चारही दारं टिक करून उघडली, कशी आज्ञाधारक.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं रागिणीला तपासलं, ताप पाहिला, चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं आणि दोन तास तिथंच थांबवून घेतलं. “आणखी चार-पाच मिनिटं गेली असती ना,” ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. न बोललेलं पंचफुलाबाईला बराबर ऐकू आलं.

चार-पाच मिनिटं. खाच मोकळी दिसल्यापासून ती किल्लीचं बोलली तोवर किती झाली होती? ती बाकावर बसून हिशेब लावत होती आणि तो लागत नव्हता.

शिवप्रसाद बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसला होता. मग आत आला, आईच्या शेजारी बसला. तो रागावेल, तोडून बोलेल, याची ती वाट बघत होती. झालं उलटंच.

“माय,” तो हळू म्हणाला, “लॉक मीच केलं. सेल मीच आठ दिवस बदलला न्हाई. मोहिनीला सांगू, ट्रकमागून दगड उडाला, काच फुटली. रागूला ऊन लागलं म्हणून दवाखान्यात आणलं. बस. किल्लीचं काढूच नको. तिला कळलं तर ती पुन्हा लेकरू तुझ्यापाशी ठेवायची न्हाई, तुला म्हाईत हाय.”

पंचफुलाबाईनं लेकाकडं पाहिलं. केवढी सोपी वाट होती! ट्रक, दगड, ऊन. कोण विचारायला येणार होतं? रागिणी तिच्या मांडीवर झोपली होती, आता अंग कोमट होतं. राईची उशी बाजूला पडली होती. तिनं ती उचलली आणि दातानं टाके तोडले. मोहरीचे दाणे तिच्या लुगड्यावर, बाकावर, फरशीवर सांडले. त्यांतून किल्ली निघाली, जशी घातली तशीच चकचकीत. तिनं ती शिवप्रसादच्या हातात दिली.

“बसव जागच्या जागी,” ती म्हणाली.

त्यानं बसवली. खट् वाजलं. त्याच वेळी त्याचा फोन वाजला.

“मोहिनी हाय,” तो म्हणाला. “माय, मी बोलतो. तू काही बोलू नको.”

“दे इकडं.”

“माय, ऐक ना.”

“दे म्हणलं ना इकडं!”

तिनं फोन घेतला. पलीकडून मोहिनीचा आनंदी आवाज आला, “आत्याबाई, सुटला पेपर! चांगला गेला! कुठवर आलात? रागू झोपली का?”

“झोपली. बरी हाय. आधी हे ऐक की ती बरी हाय,” पंचफुलाबाई म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. खंडेनवमीपासून. विळ्याच्या जागी किल्ली कशी आली, उशी कशी शिवली, गोधडी, नळ, बंद दार, रत्नपालनं दाखवलेलं भोक, बाहेर चाललेली शोधाशोध. मधे थांबली नाही, रडली नाही, लॉक कुणी केलं एवढं मात्र सांगितलं नाही. ते शिवप्रसादनं त्याचं सांगावं. तो शेजारी डोकं धरून बसला होता.

 पलीकडून बस स्टँडवरचा गलका तेवढा ऐकू येत होता. मोहिनी बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, अगदी विळ्याच्या त्या दिवशीसारखाच.

“किल्ली आत आहे हे तुम्हाला माहीत होतं. आणि रागूचे बाबा ती बाहेर शोधत होते.”

“व्हय.”

“मग तुम्ही गप्प कधीपर्यंत होता, आत्याबाई?”

पंचफुलाबाईनं मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. तिच्या केसांत मोहरीचा एक दाणा अडकला होता, तो तिनं बोटानं काढला.

“तिचं रडणं थांबलं, तवर,” ती म्हणाली.